बिनविरोध गव्हर्नर

वॉटफर्ड (इंग्लंड),
रविवार, दुपारी

तीर्थरूप अण्णांस,

जावई सुहासचा वॉटफर्डहून साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. गोड मानून घ्यावा.) मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली असेल तरच पुढे वाचा, नाहीतर आईंना मोठ्याने वाचायला सांगा. मात्र शेवटचा भाग तुमचा तुम्हीच वाचावा, ही विनंती. आईंचं ब्लडप्रेशर आणि त्यांचं लोणचं या दोघांतलं कुठलं एक बंद झालं, तेही कळवा. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला तुमची लेक अक्षया नीट बोलू देत नाही, म्हणून हा कागद.

मी गव्हर्नर झाल्याचं तुम्ही इस्लामपूरच्या वाचनालयात जाहीर केलंत आणि तिथल्या एका गृहस्थांनी बंगला किती खोल्यांचा आहे असं विचारलं, हे आईंकडून समजलं. तेव्हा आधी खुलासा करतो. बंगला नाही, गाडी नाही, शिपाई नाही. हा राज्यपाल नव्हे. आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती असते ना, तिचा सदस्य. इथे प्रत्येक सरकारी शाळेला असे दहा-बारा गव्हर्नर असतात. काही पालकांतले, काही शिक्षकांतले, एखादा कौन्सिलने पाठवलेला, बाकीचे गावातले हौशी. वर काउंटी कौन्सिल, म्हणजे तुमच्या भाषेत जिल्हा परिषद. तुम्ही उभी हयात विस्तार अधिकारी म्हणून शाळा तपासल्यात, त्यामुळे तुम्हाला हे लगेच कळेल. वाचनालयातल्या गृहस्थांना कळणार नाही, त्यांना बंगला लहान आहे असं सांगून टाका.

मी निवडून कसा आलो, तर तुमची नात सिया, तिचा शाळेचा स्वेटर हरवला म्हणून. वर्षात बऱ्याच वेळा हरवला, आणि शेवटच्या वेळी मी हेडटीचर मिसेस पेंबर्टन यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो. मी बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे स्वेटर नेमके कुठल्या वारी हरवतात याचा तक्ताही नेला होता. (पीटीच्या दिवशी.) बाईंनी तक्ता शांतपणे पाहिला, मला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारख्या माणसाची आम्हाला फार गरज आहे." अण्णा, लग्नानंतर हे वाक्य मला प्रथमच कोणी ऐकवलं. पालक-गव्हर्नरची एक जागा रिकामी होती. मी अर्ज भरला. दुसऱ्या कोणीच भरला नव्हता, हे मला निकाल लागल्यावर कळलं. स्वेटर अजून सापडलेला नाही.

सभा संध्याकाळी शाळा सुटल्यावर दुसरीच्या वर्गात होतात. खुर्च्या दुसरीच्याच असतात. आमचे अध्यक्ष कॉलिन हे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले सहा फुटी गृहस्थ आहेत. ते त्या खुर्चीवर बसले की गुडघे कानाला लागतात, आणि त्या अवस्थेत ते शाळेच्या भवितव्यावर बोलतात. माझी कंबर तिथेच गेली. काम फुकट, चहा आपला आपण करायचा. मला त्यांनी पहिल्याच सभेत अर्थसमितीवर टाकलं. माझं नाव कॉलिनना 'सू-हॅस' असं घेता येतं, आणि सू-हॅसला आकडे कळतात, एवढी ओळख त्यांना पुरली.

आता आकड्यांचं. शाळा चांगली आहे, हे आधी सांगतो. मुलं वाचनात काउंटीच्या सरासरीच्या वर आहेत, गणितात सरासरीला धरून आहेत, आणि लेखनात जरा लंगडतात (सियाने आजीला लिहिलेल्या पत्रावरून तुम्ही ताडलंच असेल). पण सरकार पैसे देतं ते डोक्यामागे. ऑक्टोबरमध्ये एक दिवस पटावरची मुलं मोजतात, आणि तेवढ्यांचाच पैसा पुढच्या वर्षी मिळतो. वर्गात तीस मुलं असोत नाहीतर वीस, शिक्षिका एकच लागते, बॉयलर तेवढाच जळतो. आणि मुलं कमी होत चालली आहेत. घरभाडी परवडत नाहीत म्हणून तरुण जोडपी लांब जातात, आणि जी राहतात त्यांना एकच मूल पुरतं. (आमच्याकडे बोट दाखवू नये.) आमच्या शाळेत रिसेप्शनचे, म्हणजे आपल्या मोठ्या शिशूचे, दोन वर्ग आहेत आणि दोन्ही अर्धेमुर्धे भरलेले.

हे सगळ्यांना अंधुक माहीत होतं. मी ते रंगीत केलं. पुढची काही वर्षं शाळा कशी तुटीत जाईल याचा मी असा आलेख काढला की लाल रेघ पाहून कॉलिन उभे राहिले. (खुर्ची त्यांच्याबरोबर उठली.) मिसेस पेंबर्टन हळूच म्हणाल्या, "म्हणजे दोनाचा एक वर्ग करायला हवा." मी म्हटलं, आकडे तसंच म्हणतात. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी घरी येताना वाटेत जिलबी घेतली.

जिलबी खाताना अक्षयाने विचारलं, "एक वर्ग बंद म्हणजे एक टीचर कमी. कोण?"

तोवर माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं, अण्णा. आलेखात ते 'कर्मचारी खर्च' असं होतं. रिसेप्शनच्या दोन शिक्षिकांपैकी एक मिसेस डोहर्टी. सिया शाळेत गेली तेव्हा तिला इंग्रजीचा शब्द बोलता येत नव्हता, कारण आपणच हट्टाने घरी मराठी ठेवलं होतं. पहिले कित्येक आठवडे ती टेबलाखाली बसायची. मिसेस डोहर्टी तिला बाहेर ओढायच्या नाहीत. त्या स्वतः खाली बसायच्या, त्यांनी अक्षयाकडून 'पाणी', 'शू' आणि 'घाबरू नको' एवढं शिकून घेतलं होतं, आणि ते आयरिश हेलात म्हणायच्या. एक दिवस सिया आपण होऊन बाहेर आली.

ती आता तिसरीत आहे. आमचं बोलणं तिने ऐकलं आणि विचारलं, "बाबा, मिसेस डोहर्टीला तू सांगितला का जायला?" मी तिचं व्याकरण सुधारायला लागलो. अक्षया म्हणाली, "व्याकरण राहू दे, उत्तर दे."

पुढच्या आठवड्यापासून प्लेग्राउंडवर माझ्याभोवती मोकळी जागा पडायला लागली. पालकांनी अर्ज काढला, वर्ग वाचवा म्हणून. पहिल्या काही सह्यांतच अक्षयाची सही होती, ठळक आणि मराठीत. मी म्हटलं, अगं, निदान इंग्रजीत करायचीस, कोणाला ओळखू आली नसती. ती म्हणाली, "ओळखू यावी म्हणूनच केली." त्यानंतर घरात शाळा हा विषय वर्ज्य झाला. भाजी करपली तरी ती माझ्याकडे बघून "आकडे तसंच म्हणतात" असं म्हणायची.

एवढ्यात सोमवारी सकाळी शाळेत फोन आला, उद्यापासून इन्स्पेक्शन. तुमच्या तपासणीच्या दिवशी हेडमास्तर आदल्या संध्याकाळी शेणसडा घालून घेत, तसं इथेही झालं, फक्त इथे बाईंनी वर्गांच्या भिंती सजवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून रजा काढून जावं लागलं, कारण इन्स्पेक्टर गव्हर्नरांनाही तपासतात. एक शांत, चष्मेवाल्या बाई होत्या. (त्यांनाही दुसरीचीच खुर्ची मिळाली, हे पाहून मला जरा धीर आला.) त्यांनी विचारलं, "पालकांना काय वाटतं, हे तुम्हा गव्हर्नरांना कसं कळतं?"

कॉलिननी सर्वेक्षण, सूचनापेटी असं सांगायला सुरुवात केली. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी रात्रीपासून तयार केलेली उत्तरं कुठे गेली कोण जाणे. तोंडून खरं तेच गेलं. "माझ्या घरात एक पालक आहे. तिने माझ्याविरुद्धच्या अर्जावर सही केली आहे. त्यामुळे मला रोज कळतं."

मिसेस पेंबर्टननी डोळे मिटले. इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "आकडे माझे बरोबर आहेत. आणि तिचंही बरोबर आहे. ते एकत्र कसं बसवायचं ते मला अजून जमलेलं नाही." त्यांनी बराच वेळ लिहून घेतलं. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा केला.

त्याच संध्याकाळी मी शाळेच्या फाटकापाशी मिसेस डोहर्टींना गाठलं आणि माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "आधीच्या गव्हर्नरांनी दोन वर्षं काही बोलून दाखवलं नाही, आणि मग लायब्ररीवालीला एका पंधरवड्यात घरी पाठवलं. तुम्ही निदान वेळेवर सांगितलंत. मला आठवड्याचे पाचही दिवस यायचं नाही हो, माझी आई तिकडे आयर्लंडात, लंडनडेरीला एकटी आहे. पण मला कोणी विचारलंच नाही."

अण्णा, खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन अक्षयाला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा लॅपटॉप आण." वर्ज्य विषयावरची बंदी उठली. आम्ही दोघांनी बसून नवा हिशोब मांडला. रिसेप्शन आणि पहिलीच्या मिळून चार वर्गांचे तीन करायचे, मधला वर्ग दोन्ही वयांचा, आणि तो मिसेस डोहर्टी आणि दुसरी एक शिक्षिका वाटून घेतील. मिसेस डोहर्टींना तीन दिवस. मिसेस पेंबर्टन म्हणाल्या, मिश्र वर्ग पालकांना आवडणार नाही. अक्षया अर्जावाल्या आयांना घेऊन त्यांना भेटली आणि म्हणाली, "आवडणार नाहीच. पण चालेल." सभेत ठराव मंजूर झाला. काउंटी कौन्सिलचंही उत्तर आलं, तूर्त हरकत नाही. लाल रेघ अजून लाल आहे, पण जरा आडवी झाली आहे.

इन्स्पेक्शनचा अहवालही आला. शाळा ठीकठाक. लेखनाबद्दलची दोन वाक्यं मनाला लागली. आणि गव्हर्नरांबद्दल लिहिलं आहे की, त्यांना पालकांच्या मतांची सखोल आणि सातत्यपूर्ण माहिती असते. हे वाक्य कापून अक्षयाने फ्रिजवर लावलं आहे.

आईंना नमस्कार, तुम्हाला पुन्हा नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत.

आपला,
सुहास

ता.क. आमचे मेहुणे पुष्कर, त्याची बदली इकडे होते आहे असं कळलं, आनंद झाला. त्याची जुळी सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला बसतील. त्याला लंडनच्या एजवेअरमध्ये घर बघायचं असेल तर तिकडे ट्रॅफिक फार, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्याच गल्लीत एक घर रिकामं होतंय. जुळी म्हणजे अण्णा, पटावर दोन डोकी, आणि शिक्षिका तीच. तुमचा शब्द तो मोडणार नाही.

आणखी ता.क. (हा भाग फक्त तुमच्यासाठी.) कॉलिनना गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असल्याने त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि गेल्या सभेत ते माझ्यावर आलं. पुन्हा बिनविरोध. अक्षयाला मी 'हे प्रकरण मिटलं की सोडतो' असा शब्द दिला होता, त्यामुळे अजून सांगायचं धाडस झालेलं नाही. पत्राचं मूळ कारण हेच. तुम्ही फोनवर सहज बोलता बोलता तिला सांगाल का, की अध्यक्षपद हा मान असतो, घराण्याचं नाव होतं, वगैरे? तुमचं ती ऐकते.

अण्णा, मी अक्षया. सियाचं चित्र पाकिटात घालायला उघडलं आणि वाचलं. मला सांगायची तसदी घेऊ नका, मला माहीत आहे. त्याला अध्यक्ष करा असं मीच फाटकापाशी एकेका गव्हर्नरला गाठून सांगितलं. आम्हा आयांचं एकमत झालं, की आकडे कळणारा आणि बायकोला घाबरणारा माणूस शाळेला पुन्हा मिळणार नाही. तुम्ही मात्र फोनवर मला समजावल्यासारखं करा, मी थोडी रागावेन, मग ऐकेन. पुष्करशी माझं बोलणं झालं आहे, आमच्या गल्लीतल्या घराचं डिपॉझिट त्याने काल भरलं.