निळीच्या दोन रेघा

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा पाट्या रंगवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे; बायकोचं मत वेगळं आहे, पण तिच्याकडे शिक्का नाही. कोणाचाही दबाव नाही. हात थरथरतो, त्यामुळे ओळी वाकड्या जातील, तेवढं सांभाळून घ्यावं.

१. राहतं घर, दुकानामागच्या दोन खोल्या आणि वरची माडी, पत्नीच्या हयातीत तिचं, तिच्या पश्चात मुलीचं. बँकेतली ठेव पत्नीची. ती तिने आपल्या भावाच्या कुठल्याही नव्या धंद्यात घालू नये. कारण कलम चारमध्ये आहे.

२. माडीवर भिंतीला टेकवून ठेवलेली मोठी लोखंडी पाटी जुन्या कचेरीच्या निवृत्त हेडक्लार्कना द्यावी. अडतीस वर्षांपूर्वी आपल्याकडे एका वर्षात तीन सरकारं झाली. जानेवारीत रॉकेल महागलं, मग रेल्वेवाल्यांचा संप, मार्चमध्ये विधिमंडळ बरखास्त, एप्रिलपासून संचारबंदी. जुलैत रेडिओवर राजीनामा, त्यानंतर अधिकाऱ्यांचं मंडळ, आणि नोव्हेंबरात एकदाची निवडणूक. दर खेपेला कचेरीचं नाव बदलायचं आणि मला बोलावणं यायचं. मी म्हणायचो, "साहेब, आधीचं खरवडू द्या." ते म्हणायचे, "वेळ कुठंय? वरूनच मार." आता ऊन तिरपं पडलं की तिन्ही सरकारं एकदम दिसतात. साहेबांनी ती पाटी दिवाणखान्यात लावावी.

३. आता मुद्द्याचं. त्या मे महिन्यात निवडणूक बेमुदत पुढे ढकलली. संचारबंदी दुपारी दोन तास उठायची आणि सगळं गाव वाण्याकडे धावायचं. अशाच एका दुपारी मी बंद गोदामाच्या भिंतीला शिडी लावली आणि हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं : निवडणुकीची तारीख सांगा. इतकी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं रंगवून मी विटलो होतो. शिडी, डबा, ब्रश बघून कोणाला शंका आली नाही. शिडी हलत होती म्हणून एका हवालदाराने ती धरलीसुद्धा. "कसली जाहिरात?" त्याने खालून विचारलं. "सरकारी," मी मान न वळवता म्हणालो.

पण चूक झाली, आणि ती धंद्याने केली. ज्याला पकडलं जायचं नसतं तो भराभरा वेडंवाकडं लिहून पळतो. मी आधी निळीत भिजवलेलं सूत भिंतीवर ताणून मारलं, वर-खाली दोन सरळ रेघा पाडल्या आणि मग अक्षरं बसवली. हाताला दुसरं येतच नव्हतं. संध्याकाळच्या आत पोलीस दुकानात हजर. फौजदार म्हणाला, "सूत मारून लिहिणारे या गावात दोघंच. कोण ते सांगा." हवालदार म्हणाला, "साहेब, पाठमोरा होता." माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती आणि आत रडत होती. मी तोंड उघडायच्या आत धाकटा भाऊ ब्रश खाली ठेवून म्हणाला, "मी."

खरं सांगायचं तर, तोंड उघडायला मला त्यानंतरही भरपूर वेळ होता. मी उघडलं नाही.

४. तो सात महिने आत होता. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, पुन्हा जमलं नाही. ऑक्टोबरात आई गेली. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "तू तरी शहाणा निघालास." मी तिच्या उशाशी बसून ते ऐकून घेतलं. मयतीच्या दिवशी मेव्हणे चार लोकांत म्हणाले, "धाकट्याने घराला बट्टा लावला, त्याच्या काळजीनं गेली म्हातारी." तेही ऐकून घेतलं. मेव्हण्यांवर माझा राग तेव्हापासूनचा. त्यातला निम्मा माझ्यावरचा आहे, पण तो त्यांनी ठेवून घ्यावा.

नवं सरकार आल्यावर भाऊ सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आला, डबे हलवून बघितले आणि म्हणाला, "पांढरा संपलाय, दादा." या विषयावर आम्ही अडतीस वर्षांत एवढंच बोललो आहोत. मुलीला लहानपणापासून बायकोच्या माहेरी ऐकवलं गेलं की काकाच्या नादी लागू नये. म्हणून लिहितो : भिंतीवर मी लिहिलं होतं. त्याने नाही. माझ्या पश्चात हे कलम मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. मेव्हण्यांना पुढच्या रांगेत बसवावं.

५. ~~दुकान, शिडी, सगळे ब्रश आणि निळीचं सूत धाकट्या भावाला.~~

हे कलम मीच खोडलं आहे. आज सकाळी मी भावाला सगळं वाचून दाखवलं. तो डब्यावर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "साक्षीला कोण?"

मी म्हटलं, "शेजारचा शिंपी आणि वकील बघतील तो कोणीतरी."

"मी सही करतो."

समोरच बसलेले वकील म्हणाले, ज्याला मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे कटकटी होतात.

"मग माझा वाटा काढा," भाऊ म्हणाला. "दुकान पोरीला द्या. मला सही करायचीय."

मी पुष्कळ समजावलं. त्याने ऐकलं नाही. तेव्हा दुकान, शिडी आणि ब्रश मुलीला. काका हयात आहे तोवर दुकानाची किल्ली काकाकडेच राहील. सूत मी आजच, जिवंतपणी, त्याच्या हातात दिलं. ते या मृत्युपत्रात धरू नये.

ठिकाण : दुकानाची माडी. चौदा मार्च, गुरुवार, दुपार.

सही : पाट्या रंगवणारा, थोरला

साक्षीदार पहिला : शेजारचा शिंपी. दोघांना सही करताना पाहिलं.

साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ. वरचं सगळं वाचलं. खरं आहे. मी लिहिलं नव्हतं. दादाच्या ओळी वाकड्या गेल्यात, म्हणून माझ्या सहीखाली सूत मारलं आहे.