काचेवरची बाई

३ मार्च, मंगळवार

नाकातून नळी घातली आज. छातीच्या डॉक्टरने आत डोकावून, फोटोत फुप्फुसावर दिसलेल्या डागाजवळचा कण खुडून घेतला. पोरगेलासा आहे, पण हात हलका. म्हणाला, आजी, तुमच्या श्वासनळ्या आतून काळ्याकुट्ट आहेत. म्हटलं, चाळीस वर्षं कोळशाची इस्त्री फिरवली, आत काय चांदणं पडणार?

माझ्यानंतर एका मास्तरणीची पाळी. तिलाही डागच. चाळिशीची असेल, बडबडी. जाताना नंबर देऊन गेली.

(मी बोलते, नात उतरवते. माझी अक्षरांशी ओळख नाही, तोंडाशी आहे.)

९ मार्च, सोमवार

कर्करोग!

औषधवाल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मुलगा छताकडे बघत बसला, तिथे उत्तर लिहिलंय जणू. मी विचारलं, आणखी कोणकोण बघणार मला? त्या म्हणाल्या, एक किरणवाला. एक कापणारा. एक अंधाऱ्या खोलीत बसून फोटो वाचणारा. आणि तळघरात एक, तो फक्त खुडलेले तुकडे काचेवर ठेवून बघतो, माणसांना भेटत नाही. म्हणजे माझं मरण ज्याने आधी पाहिलं, त्याने मला पाहिलंच नाही.

मास्तरणीचा फोन आला. तिचं काही निघालं नाही — नुसती जुन्या धुराची काजळी! हसत सुटली. म्हणे, जन्मात विस्तव फुंकला नाही मी, खडू निघाला असता तर पटलं असतं. मग माझं ऐकलं. भेटायला येते म्हणाली.

१२ मार्च, गुरुवार

सगळे डॉक्टर आज एका खोलीत जमले, माझ्यासाठी. मला बाहेर बाकावर बसवलं. दाराला काच. आत भिंतीवर माझी फुप्फुसं — माणसाएवढी मोठी, पांढुरकी. समोर सात जण. कापणाऱ्याने उठून भिंतीवरच्या फुप्फुसांवर बोटाने रेघ ओढली. खरंच सांगते, मला इथे बरगडीखाली गार लागलं.

मी खोकले. एकानेही मान वळवली नाही. खोकणारी तर भिंतीवर होती ना!

१३ मार्च

उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढणार. बुधवारी.

१४ मार्च

आरशापुढे उभी राहिले. घरात कुणीतरी शिरलंय, ते सगळ्या जगाला दिसतंय, फक्त घरमालकिणीला दिसत नाही. कान देऊन ऐकलं. आत कुणीच नसल्यासारखं वाटतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

१६ मार्च, सोमवार

दवाखान्यात दाखल. दुपारी एक फिकट माणूस खाटेपाशी येऊन उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघे, हातांकडे बघे — हरवलेलं माणूस शोधत आल्यासारखा. तळघरातला तोच! नर्स चरकली, तिनेही त्याला कधी वर पाहिलं नव्हतं म्हणे.

"कागदावर तुमच्या श्वासनळ्या काळ्या लिहिल्यात. काय काम करायचात तुम्ही?"

सांगितलं. इस्त्री, कोळसा, चाळीस वर्षं. बोटांवरचे डाग दाखवले.

तो म्हणाला, "मी काचेवर पाहिलेल्या बाईच्या छातीत धुराचा कणही नाही. ती तुम्ही नाही."

आणि गेला. इतके दिवस मी कुणाची वाट बघत होते आरशापुढे?

१७ मार्च, मंगळवार

पुन्हा तपासलं सगळं. माझ्यात नुसती काजळी. डाग त्या काजळीचाच. कापाकापी रद्द, उद्या घरी.

मुलगा रडला. मी विचारलं, मग तो तुकडा कुणाचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते सांगता येत नाही आजी. दुसऱ्यांदा विचारलं नाही. नळीसाठी त्या दिवशी आम्ही दोघीच होतो.

१९ मार्च, गुरुवार

मास्तरीण आली होती. मला मिठी मारली, तुमचा चेहरा किती खुललाय म्हणाली. तिला उद्या दवाखान्यात बोलावलंय, कशाला ते ठाऊक नाही. चहा पिऊन गेली. मी तिला दारापर्यंत पोचवलं, एवढंच.

नळी घातली त्या दिवशी नर्सने तुकड्याच्या बाटलीला लावायची चिठ्ठी माझ्यापुढे धरली होती. "आजी, वाचून सांगा, हे तुमचंच नाव ना?" शेजारच्या खाटेवर मास्तरीण बसलेली. शिकलेली बाई. मला लाज वाटली. मी चष्मा नाकावर ओढला, एकेक अक्षर बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं — हो, माझंच.