चव्हाट्यावरचं आडनाव

१४ फेब्रुवारी

पांतेलेई सकाळी सकाळीच हजर. आज द्राक्षवेली छाटायचा सण, म्हणून एका हातात कात्री, दुसऱ्यात वाइन. कात्री वेलीला लागलीच नाही. बाटली मात्र संपली. आणि वर घोषणा — "ताई, सहा मेला, संत गेओर्गीच्या सणाला, आपल्या घराण्याचा मेळावा! एकूण एक मुसाफिरोव!"

एकूण एक म्हणजे कोण? तू, मी आणि तुझी लेक नेवेना. त्याला मेळावा कशाला, माझं स्वयंपाकघर पुरेल.

ऐकेल तर तो पांतेलेई कसला! बस चालवायची थांबली तेव्हापासून या चुलतभावाच्या अंगात इतिहास शिरलाय. म्हणे आपला मूळपुरुष खानावळवाला होता. तुर्कांच्या अमदानीत बंडखोरांना पाहुणे म्हणून घरात लपवायचा. आपल्या जुन्या बोलीत मुसाफिर म्हणजे पाहुणा, म्हणून आपण मुसाफिरोव. पुरावा? तर "रक्त बोलतं, ताई!"

सगळी हयात मी औषधांच्या दुकानात काढली. रक्त काय बोलतं ते मला माहीत आहे. साखर बोलतं, नाहीतर चरबी.

१७ फेब्रुवारी

शिरगणती सुरू झाली. पांतेलेई फोनवर आणि जावई ओग्न्यान संगणकावर. सबंध देशात मुसाफिरोव मूठभर. प्लोव्दिवमध्ये दोन घरं — त्यांचं म्हणणं, ते आमचे कुणी नव्हेत आणि व्हायची इच्छाही नाही. वार्नाच्या एकाने फोन आपटला. हास्कोवोची एक बाई तासभर बोलली, पण ती नवऱ्याकडून मुसाफिरोवा, आणि नवऱ्याला सोडून तिला जमाना झाला. आडनाव तेवढं ठेवलं, "कारण दारावरची पाटी चांगली पितळी होती." एक स्पेनमध्ये स्ट्रॉबेऱ्या तोडतो. त्याला पणजोबांचं नावसुद्धा येत नाही.

पांतेलेईची छाती फुगलेली. "बघ ताई, किती दुर्मिळ आडनाव!" त्याला वाटतं दुर्मिळ म्हणजे मोलाचं. आमच्या धंद्यात दुर्मिळ म्हणजे कपाटात पडून मुदत संपलेलं.

गावात तर बस थांब्यावर निधनाचे कागद लावतात तिथेच मुसाफिरोव जास्त. घरांमध्ये आम्ही तीन.

आणि याने चाळीस शर्ट छापायला टाकलेत! छातीवर सिंह!

२० फेब्रुवारी

इंग्रजाचा कुत्रा माझ्या लसणीत. पुन्हा!

२१ फेब्रुवारी

गेले इंग्रजाच्या दारात. डेरेक नाव. मागच्या वर्षी खालच्या आळीतलं पडकं घर घेऊन राहिलाय, आणि भाषेचा एक शब्द शिकायची तसदी नाही. मी सांगतेय, "कुत्रा बांधा," आणि हा हसत मान वरखाली करतोय. वरखाली! म्हणजे तोंडावर 'नाही' म्हणतोय! होकाराला मान आडवी हलवतात हे याला कुणी सांगायचं? शेवटी छातीवर हात ठेवून एकेक शब्द सुटा सांगितला — "मी. एव्दोकिया. मुसाफिरोवा. माझी. लसूण."

"दोकिया," म्हणाला. आणि मान वरखाली.

१ मार्च

नेवेना आली. माझ्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. "करकोचा दिसेपर्यंत सोडायचा नाही हं, आत्या." म्हटलं, सैल बांध, बोटं निळी पडतील.

तिचं पोट आता चांगलं दिसतं. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही. पहिली दोन पोटातच गेली. तिसरा मुलगा जन्मला, त्याचं नाव ठेवलं, घरभर त्या नावाने हाका मारल्या, आणि आठवड्यात तोही गेला. या खेपेला तिने नवऱ्याला बजावलंय की घरात बाळाची एकही वस्तू आणायची नाही. ओग्न्यान बिचारा मुळात घरजावई, त्यात हे. गाव चिडवतं, सासरा इतिहास ऐकवतो, हा गप्प. एक जुनी बाबागाडी दुरुस्त करून त्याने माझ्या लाकडाच्या खोपटात लपवली आहे. "आत्याबाई, तिला कळू देऊ नका." मी वर पोतं टाकलं. वर लाकडं रचली. आता मला रोजची लाकडं काढताना कसरत!

९ मार्च

आज पांतेलेईने जेवायला बोलावून भाषण वाचून दाखवलं. मेळाव्याचं. खानावळवाला आता पिस्तूलही बाळगू लागलाय. मी दही खात होते. पानभर ऐकलं. दुसऱ्या पानावर मूळपुरुषाने तीन तुर्की शिपाई विहिरीत टाकले, आणि माझा चमचा खाली आला.

"पुरे! कुणी कुणाला विहिरीत टाकलं नाही. आजीने मला सांगितलंय ते ऐक. आपल्या खापरपणजोबांची मुलं जगत नव्हती. पाळण्यातून थेट मातीत. मग एक झालं, त्याला पीठ मळायच्या काठवटीत घालून पहाटे चव्हाट्यावर ठेवलं आणि आईबाप झुडपामागे लपले. पहिला जो येईल तो उचलेल, नाव ठेवील, म्हणजे मूल आपलं राहत नाही, मरण घर चुकतं. आला एक खेचरवाला. मुसाफिर. उचललं, नायदेन नाव ठेवलं, भाकर खाल्ली, गेला. मूल गावात मुसाफिराचं म्हणून वाढलं. संपला इतिहास!"

पांतेलेईचा चेहरा पांढरा. "कुठला होता तो? आपल्यातला तरी होता ना?"

"कुणी विचारलं नाही."

"तुर्क असला तर? ताई, शर्टांवर सिंह छापून झालाय!"

"मग त्याच्या शेजारी खेचर छाप."

ओग्न्यानला हसू फुटलं. या घरात प्रथमच हसताना ऐकला. मग मान वळवली तर दारात नेवेना उभी. हातात बशा. ती हसत नव्हती.

१० मार्च

पांतेलेई रुसलाय. फोन नाही. घरात काय शांतता!

१२ मार्च

नेवेना एकटी आली. कोट न काढता बसली.

"ते बाळ जगलं ना, आत्या?"

"जगलं तर! नाहीतर भाषणं लिहायला तुझा बाप कुठून आला असता?"

"म्हातारं होऊन गेलं?"

"दात पडेपर्यंत."

मग म्हणाली, "या बाळाचं नाव मी ठेवणार नाही. मी ठेवलेलं टिकत नाही." मी तिला नीट समजावलं. पेशी, हृदयाची झडप, नावाचा काहीएक संबंध नाही. पदवी घेतलीय मी. तिने सगळं ऐकून घेतलं, लहान मुलीसारखं. जाताना म्हणाली, "आपला चव्हाटा अजून आहे ना तुतीपाशी?"

डोकं दुखायला लागलं. गोळी घेतली.

१३ एप्रिल

मुलगी. वेळेआधी. जिल्ह्याच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत.

१६ एप्रिल

वजन घटलं. पांतेलेई माझ्या पायरीवर येऊन बसला. भाषणाचं अक्षर काढलं नाही. त्याला सूप दिलं. थंड झालं.

१९ एप्रिल

वजन वाढलं!! चिमूटभर, पण वाढलं.

२९ एप्रिल

घरी आणलं. लाल, सुरकुतलेलं, रागीट तोंड. बाबागाडी खोपटातून काढली, तर तिच्यात उंदरांनी घर केलेलं. दोन तास उकळत्या पाण्याने धूत बसले.

नाव नाही. नगरपालिकेच्या बाईचे फोनवर फोन. दवाखान्याने कागदावर नुसतं 'मुलगी' लिहिलंय. ओग्न्यान रडकुंडीला आला. "आत्याबाई, हाक तरी काय मारू हिला?" नेवेना बाळाला पाजते, पुसते, निजवते, आणि तोंडातून शब्द काढत नाही. एक लाडाचा शब्दही नाही. झोपेत मूल आहे की गेलं ते बघायला दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी आरसा धरते.

तो आरसा बघितला आणि मी म्हटलं — ठीक आहे. ठेवू चव्हाट्यावर. पण बाळाला गुंडाळणार मी!

विज्ञानाची पदवी. सोफिया विद्यापीठ. शाबास, एव्दोकिया!

३ मे

पांतेलेईचा उत्साह परत आला. हेच भय होतं.

"ताई, करायचंच तर नीट करू. आपल्या गावातल्या कर्नल द्राझेवना सांगून ठेवलंय. ते पहाटे येतील, सहज फिरायला आल्यासारखे."

"सहज?"

"गणवेशात."

"अरे, पहिला येईल तो वाटसरू! सांगून बोलावलेला कसला वाटसरू?"

"कुणीतरी ऐरागैरा आला म्हणजे? एकदा झाली तेवढी चूक बस झाली. घराण्याचं काही बघायला नको?"

ज्या चुकीमुळे हा जन्माला आला, ती चूक!

५ मे

पहाटे चौघं निघालो. बाळाला लोकरीचे दोन थर, टोपी, पायांशी गरम पाण्याची बाटली. तुतीखाली गाडी ठेवली, चाकाला दगड लावला, आणि आम्ही जुन्या गोठ्याच्या भिंतीआड. नेवेनाने माझा दंड धरला तो असा की अजून वळ आहे.

कुणी येईना. माझ्या लहानपणी या वेळेला इथे शेळ्या, गाढवं, गवताच्या गाड्या, बायकांची भांडणं. आज चारही रस्ते रिकामे. जो मुलूख वाटसरूंवर उभा राहिला त्यात एक वाटसरू मिळू नये! कर्नलचा पत्ता नाही. पांतेलेईने फोन लावला. पदकं सापडत नाहीत म्हणे!

"आत्या," नेवेना कुजबुजली, "कुणीच नाही आलं तर?"

काय सांगणार होते मी? पेशींबद्दल?

तेवढ्यात साखळीचा खळखळाट. इंग्रजाचा कुत्रा! साखळी तोडून आलेला. सरळ गाडीपाशी गेला, हुंगलं, आणि तिथेच बसला.

पांतेलेई: "ताई, कुत्रा धरायचा का?"

"तोंड मिट!"

मागून डेरेक. झोपेचे कपडे, रबरी बूट, वर फाटका कोट. कुत्र्याला हाका मारत आला आणि थबकला. चारही रस्त्यांकडे पाहिलं. मग वाकून बाळ उचललं. मानेखाली हात देऊन, नीट. हे मी पाहिलं. कोटात घेतलं, बटणं लावली. नेवेनाने माझा दंड सोडला.

आम्ही बाहेर आलो आणि तो मागे सरकला. पांतेलेईने हात पुढे केले, "द्या, द्या." डेरेकने मान आडवी हलवली. म्हणजे होच की! पांतेलेई आणखी पुढे गेला, तर हा ओरडलाच. कुत्राही. बाळही. ओग्न्यान लंडनला बांधकामावर होता, त्याला ती भाषा येते. तो लाल होऊन मला सांगू लागला, "म्हणतोय, मुलं रस्त्यावर टाकणाऱ्यांच्या हातात मूल देणार नाही. पोलिसांना बोलावतो. म्हणतोय... राहू दे, आत्याबाई."

"सांग!"

"म्हणतोय, बाकीच्यांचं जाऊ दे, त्या म्हातारीला तरी अक्कल हवी होती."

कॉलेज सोडल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. आणि बोलला ते योग्यच होतं! त्याच्या जागी मी असते तर काठी घातली असती.

ओग्न्यान बराच वेळ त्याला सांगत राहिला. पोटातली दोन. मग मुलगा. मग खेचरवाला. डेरेक चव्हाट्यावरच्या पाणवठ्याच्या कट्ट्यावर बसला, कोटातून नुसती टोपी दिसत होती. ऐकून झाल्यावर त्याने नेवेनाकडे पाहिलं. मग उठून मूल तिच्या हातात दिलं. तिच्याच. पांतेलेईच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून.

आता नाव. तर म्हणे, नाव असं उभ्या उभ्या देता येत नाही. विचार करून उद्या सांगतो. उद्या! एक नाव ठेवायला सबंध दिवस!

घरी येईपर्यंत पांतेलेईची बडबड. "त्याने स्वतःच्याच नावावरून ठेवलं तर? डेरेका? पुढे तिच्या पोरांना आडनावाने डेरेकिन म्हणतील!"

"म्हणू देत. मेळावे भरवतील. शर्टांवर कुत्रा छापतील."

दुपारी कर्नल आले. पदकांसकट. कॉफी पाजून वाटेला लावलं.

६ मे

कोकरू भाजलं, चीज भरून बानित्सा भाजून झाली. शर्ट चाळीस, माणसं नऊ. त्यांत हास्कोवोची ती काडीमोडवाली, पितळी पाटी सोबत घेऊन. भाषण वाचायला उठलेला पांतेलेई न वाचताच खाली बसला.

इंग्रज इस्त्रीचा सदरा घालून आला. ओग्न्यानला काहीतरी म्हणाला. ओग्न्यान माझ्याकडे पाहत राहिला. "काय म्हणतोय? बोल ना!"

"म्हणतोय, तुमच्याकडच्या बायकांचं मला एकच नाव येतं."

नेवेनाने बाळाला जवळ घेतलं आणि ते नाव उच्चारलं. पूर्ण. हळू. मग पुन्हा, मोठ्याने. मी सवयीने "काय गं?" म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

कुत्रा लसणीत होता. मी उठले नाही.