खोकल्याची खूण

अहो,

उद्या सकाळी दौंडचा भंगारवाला आपली जीप न्यायला येणार आहे, म्हणून आजच लिहायला बसले. हे तुमच्याशिवाय सांगणार कोणाला?

तुम्ही गेल्यावर विलासने हौसेने इंजिन साफ केलं आणि त्यात ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर हलवून ठेवला. टायमिंग गेलं. ठिणगी वेळेआधी पडू लागली आणि काल गाडी चालू करायला फिरवताना हँडलने उलटा तडाखा दिला. मनगट टम्म सुजलं पोराचं. हात धरून म्हणाला, "आई, आबांचा कान होता म्हणून चालत होती ही. आता कोण लावणार टायमिंग? देऊन टाकू."

आणि मी काय केलं? हळद गरम करायला आत गेले.

आबांचा कान! ठकठक ठोकणारं इंजिन आणि सुरळीत इंजिन, यातला फरक तुम्हाला कधी कळला होता का हो? दौंडच्या शाळेत शिकवायला मी तुमच्याच जीपने, बाकीच्या प्रवाशांबरोबर जायचे. चढावर गाडी दमली की तुम्ही बॉनेटखाली वाकायचात, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचात. मी पुढच्या सीटवर पदर सावरून ऐकत असायचे. आवाज जुळला की खोकायचे. तुम्ही तिथंच थांबून स्क्रू आवळायचात.

गाडीतल्या न्हावऱ्याच्या एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, आठवतं? "बाई, लई जुना खोकला हाय व्हय? आडुळशाचा काढा घे की." बॉनेटमागे तुमचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरेना.

आता हसू येत नाही. वर्गात मी मुलींना दरडावायचे, उत्तर येत असेल तर हात वर करा, माना काय खाली घालता! आणि परतीच्या वाटेवर पुन्हा खोकायचे.

तुमच्यावर रागही आहे. स्टँडवर ड्रायव्हर लोक तुमच्या कानाची तारीफ करायचे, तेव्हा एकदा तरी माझ्याकडे बोट दाखवायचंत. एकदाच! पण 'सांगू नका, लोक हसतील' असं घरी बजावणारी मीच होते ना?

काल हळद लावताना मनाशी म्हटलं, गेलेल्या माणसाला पोरासमोर उणं कशाला आणायचं? खोटं होतं ते. बाईमाणसाने बॉनेट उघडायचं, याचीच मला लाज वाटली. पोराचं मनगट माझ्या हातात होतं, तरी तोंड उघडलं नाही. त्याहून मोठी लाज कोणती?

तुम्हाला शब्द देते. उद्या भंगारवाल्याच्या देखत, भर अंगणात बॉनेट मी उघडेन. आधी डिस्ट्रिब्युटर थोडा मागे घेईन, म्हणजे हँडल कोणाला मारणार नाही. मग इंजिन चालू झालं की विलासचा चांगला हात डिस्ट्रिब्युटरवर ठेवून फिरवायला सांगेन. आवाज जुळला की खोकणार नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, "बस, इथंच."

तुमची,
मालती