पावाची खोली

११ एप्रिल
ठरलं. घरात आपत्कालीन अन्नसाठा करायचा. गेल्या वर्षी सायरन वाजवून ब्लॅकआउटची मॉक ड्रिल झाली तर आमची अख्खी हुडको कॉलनी मेणबत्त्या शोधत फिरत होती. मी त्यातला नाही. व्याख्या लिहून ठेवतो: आपत्काल म्हणजे ज्या दिवशी घरात चूल पेटणार नाही. त्या दिवशी तांदूळ, कणीक सगळं बेकार. चालतो फक्त डबाबंद पाव. जपानात करतात. व्हिडिओ नऊ पाहिले, पुरे. प्लांटमध्ये तीस वर्षं टेंपरेचरचे मीटर सांभाळतो, तेही आयटीआयचं तोंड न पाहता.

१९ एप्रिल
दुर्गहून साठ कोरे डबे आणले, डबे सील करायची हातमशीनही. पहिल्या खेपेला पीठ फुगून ओव्हनभर झालं. पीठच खराब. रेणूनं विचारलं, हे खाईन कोन? म्हटलं, कोणीच नाही. साठा खायचा नसतो, असायचा असतो. बायको असून तिला एवढं कळू नये.

२६ एप्रिल
साठही डबे तयार. लेबल: 'वापरा, एप्रिल २०३१ पर्यंत.' अक्षर एकसारखं आलं.
अडचण एकच. पाव २७ अंशांच्या खाली राहिला पाहिजे. घरात कूलर एक, तो मायच्या खोलीत. खोली उत्तरेकडची. स्टोअरला योग्य.

२७ एप्रिल
मायची खाट हॉलमध्ये हलवली. दोन थर्मामीटर लावले, एक स्टोअरमध्ये, एक हॉलमध्ये. रजिस्टर आखलं.
रेणू म्हणते, दुसरा कूलर आना. वायरिंग मी स्वतः केलेलं आहे, ते एकच कूलर झेलतं. यात दोष वायरिंगचा नाही, मागणीचा आहे.
माय म्हणे, पावाले कूलर अन् मले पंखा? बरोबर हाय बाप्पा, पाव पगार आनत असन. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण जीभ जशीच्या तशी. तब्येत ठणठणीत असल्याचंच हे लक्षण.
स्टोअर २६.५. हॉल ३५.

४ मे
स्टोअर २६. हॉल ३७.
हॉलला पश्चिमेचं ऊन येतं. चादर लावायची आहे. रविवारी नक्की.

१० मे
रविवार. चादर राहिली. डब्यांची जागा बदलण्यात दिवस गेला. तळाचे वर, वरचे तळाला. खोलीत हवा छान गार, थोडी ओलसर. वाळ्याचा वास येतो. दारात उभं राहिलं की समाधान वाटतं.
स्टोअर २५.५. हॉल ३८.५.

१५ मे
शेजारच्या आम्रपालीबाई आल्या. म्हणाल्या, भाऊजी, दुपारी माय आमच्याइथं राहू द्या ना, एसी हाय, मीबी एकटीच असतो. लॉकडाऊनमध्ये याच बाईकडून दोन किलो पीठ मागावं लागलं होतं. ते विसरलेलो नाही. अन्नसाठा कशासाठी केला मग? सांगितलं, आमची व्यवस्था आहे.
माय खाटेवरून म्हणाली, जातो ना मी, कावून नाही म्हनतं? तिला समजावलं. भिंतीकडे तोंड करून पडली. पटलं असावं.

१९ मे
हॉल ३९.५. मायला आता घाम येत नाही. म्हणजे शरीरानं जुळवून घेतलं. पाणी कमी मागते. रेणूला उगाच काळजी.
स्टोअर २६. उत्तम.

२१ मे
माय दुपारी बाबांशी बोलत होती. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली. त्यांना म्हणे, बैल सावलीत बांधा. रेणू रडून राहिली. म्हणाली, एक दिवस तरी त्यायले आत झोपू द्या. म्हटलं, दार उघडं राहिलं तर तापमान दोन अंशांनी वाढतं, मोजलेलं आहे. मधला मार्ग काढला: परवा शनिवारी ड्युटीवरून आल्यावर चादर लावतो.
हॉल ४०.५.

२३ मे
दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माय गेली. मी फर्स्ट शिफ्टला होतो.
डॉक्टर घरी आले. विचारलं, कुठं ठेवलं होतं यांना? हॉलमध्ये. तापमान किती असायचं? इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. तारीखवार सांगितलं, दशांशासकट. डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. आकड्यांच्या अचूकतेमुळे असेल.

२४ मे
सकाळी सगळं उरकलं. घाटावरून आल्यावर आमच्यात घरची चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकर आणतात. त्याला कडू घास म्हणतात. माझ्या व्याख्येप्रमाणे हा आपत्काल. आम्रपालीबाईंना सकाळीच निरोप दिला होता, तसदी घेऊ नका, व्यवस्था आहे.
सगळ्यांना बसवलं. उतईहून मामेभाऊ चिंधू, त्याची माणसं, एकूण अकरा. एका वेळी बारा डबे काढले. खाली गंज. कूलरच्या ओल्या हवेनं पत्रा खाल्ला. पत्राच हलका, दुर्गच्या दुकानदारानं फसवलं. तीन डबे फुगलेले. चौथा उघडला. आत हिरवं. पाचवा, सहावा, तसेच. वास हॉलभर गेला. चिंधू म्हणाला, दादा, हे बंद कर. आत्याच्या जागेवर नको. तेव्हा लक्षात आलं, खाट उचलली तिथंच मी डबे मांडले होते.
मग आम्रपालीबाई आल्याच. डोक्यावर टोपलं, मागं त्यांचे मिस्टर पिठल्याचं पातेलं धरून. त्यांनी पहिली पत्रावळ माझ्यापुढं ठेवली. दोन भाकरी खाल्ल्या. भूक होती. नोंद करून ठेवतो.

२६ मे
रेणूनं रजिस्टर मागितलं. वाटलं, आता तरी कामाची कदर. तिनं फक्त हॉलचा रकाना वाचला, बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत. मग विचारलं, हे कायले मोजत होते तुम्ही?
म्हटलं, तुलनेसाठी.
तिनं रजिस्टर जागेवर ठेवलं. मायची खाट आत आणून हॉलमध्ये पुन्हा तिथंच टाकली, रात्री त्यावरच झोपते. स्टोअरमध्ये झोपायला ये म्हटलं, आली नाही.

२७ मे, दुपारी ३
रेणू आम्रपालीबाईंकडे. साठही डबे उकिरड्यावर गेले. स्टोअर रिकामं. २६ अंश.
हॉल ४१.
चादर लावली. फरक अर्धा अंश.
मायच्या खाटेवर पडून पाहिलं. घड्याळ लावून. अकराव्या मिनिटाला उठलो आणि आत कूलरपुढं जाऊन बसलो.