मुद्दाम खणलेला खळगा चौथ्यांदा न बुजवण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
सार्वजनिक उद्यान विभाग.

विषय : उद्यान क्र. ७ मधील पर्जन्यबाग वाचवणेबाबत.
संदर्भ : १) खळगा खणण्याचा आपला आदेश. २) तो बुजवल्याचे रस्ते विभागाचे दाखले (तीन).

महोदय,

मी येथे एकोणतीस वर्षे माळी आहे. अर्जाची सवय नाही, चूकभूल पदरात घ्यावी.

१) आपल्या आदेशानुसार कारंज्यामागे पर्जन्यबाग केली. म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता मुरावे म्हणून पसरट खळगा खणून त्यात इथल्याच मातीतली रोपे लावली : वेखंड, तेरडा, कुरडू. त्याच उताराच्या पायथ्याशी माझी खोली आहे. दरवर्षी तिच्यात घोटाभर पाणी शिरते आणि माझी म्हातारी आई पाय वर घेऊन खाटेवर बसून राहते. यंदा वळवाचा पाऊस झोडपून गेला, तरी खोली कोरडी राहिली. आईने पाय खाली टेकवले, तेव्हा मला रडू आले.

२) फिरायला येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची काठी खळग्यात रुतली. त्यांनी तक्रार केली. छापील अर्जात पर्जन्यबागेला रकाना नसल्याने ‘खड्डा’ या रकान्यात खूण केली. दुसऱ्याच दिवशी रस्ते विभागाची टोळी आली आणि खडी टाकून, रोलर फिरवून गेली. इतकी तत्परता मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

३) मी पुन्हा खणले. त्यांच्या दप्तरी ‘काम निकृष्ट, खड्डा परत पडला’ असा शेरा आला, म्हणून ते पुन्हा आले. तिसऱ्या खेपेस मी खळग्यात आडवा झालो. मुकादम म्हणाले, “मामा, उठा, कागदावर इथं माणूस नाही.” मी जेवायला जाईपर्यंत ते थांबले आणि मग बुजवून गेले. हुकुमाचे ताबेदार, त्यांना काय बोल लावणार? त्या गृहस्थांनी ओशाळून तक्रार मागे घेतली, तर उत्तर आले की निवारण झालेली तक्रार मागे घेता येत नाही.

४) नाइलाजाने वाचलेली रोपे मी आपल्या कार्यालयाच्या फाटकासमोरील रस्त्यावरच्या खड्ड्यात लावली आहेत. हा खड्डा अकरा वर्षांचा असून त्याला कोणीही हात लावलेला नाही. याहून सुरक्षित जागा मला सापडली नाही. कार्यालयाच्या गळक्या नळाचे पाणीही तेथे आपोआप पोचते. काल आपली गाडी रोपांना वळसा घालून गेली, त्याबद्दल आभारी आहे.

५) पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे. तरी विनंती की, या दोन खड्ड्यांची दप्तरी अदलाबदल करावी. खळगा पुन्हा खणून रोपे मी आधीच त्यात हलवून ठेवीन. म्हणजे रस्त्यावरचा खड्डा उद्याच बुजेल आणि माझ्याकडे अकरा वर्षे कोणी फिरकणार नाही. तेवढी वर्षे आईला पुरतील.

आपला नम्र,
माळी, उद्यान क्र. ७
(सही कामावरून उठून केली आहे, मातीचे डाग माफ असावेत.)
दि. २३ मे

सोबत :
१) दाखले, तीन.
२) तक्रारदार गृहस्थांचे माफीपत्र.
३) आईच्या अंगठ्याचा ठसा. तिने पायाचाही देऊ केला आहे, कोरडा आहे तोवर.