आकडा चांगला होता

९ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. माझा आवाज ऐकलास की तू सगळं ओळखतेस, म्हणून लिहायला घेतलं.

यांची तब्येत ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतात, मीठ तोडलंय. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रक्तदाब मोजायचं मशीन म्हणजे माझी सवतच झाली आहे. सकाळी डोळे उघडले की आधी तिची चौकशी! इतकी वर्षं आमच्या घरात हृदय एकालाच होतं, यांना.

सध्या आम्ही दवाखान्यात आहोत. घाबरू नकोस, यांना काही झालेलं नाही.

खाट माझी आहे.

मंगळवारी दुपारी शाळेच्या गणवेशांना काजं करत बसले होते. जबडा ठणकायला लागला. वाटलं, दाढ असेल. मग छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं झालं, मळमळ, दरदरून घाम. पित्त म्हणून सोडून दिलं. यांनी लगेच मशीनचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. आकडा अगदी छान!

"बघ, माझ्यापेक्षा तूच ठणठणीत," म्हणाले. मलाही हायसं वाटलं. आडवी झाले.

थोड्या वेळाने हे पाणी घेऊन आले आणि भांडं हातात धरून नुसते बघत राहिले.

"आकडा काही म्हणू दे. तुझा चेहरा मला बरा दिसत नाही."

"अहो, गणवेश उद्या द्यायचेत."

"खड्ड्यात गेले गणवेश!"

ताई, या माणसाने लग्न झाल्यापासून कधी आवाज चढवला नव्हता. ॲम्ब्युलन्स बोलावली. मी जिना उतरायला निघाले, तर पुन्हा ओरडले, "एक पाऊल टाकायचं नाही!"

हार्ट अटॅक होता. बंद पडलेली एक शीर डॉक्टरांनी तेव्हाच उघडली, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

"पण दाब तर चांगला होता," हे सगळ्यांना सांगत सुटले होते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारी बसवलं. म्हणाल्या, "काका, तुमचं दुखणं वर्षानुवर्षांचं. दाब गुपचूप शिरा खराब करतो, म्हणून गोळी चुकवायची नाही. काकूंची शीर त्या दुपारी अचानक बंद झाली. तेव्हा दाब चांगला असू शकतो, कमी असू शकतो, जास्तही. छाती दाबतेय, घाम फुटलाय, तर मशीन शोधायचं नाही. दवाखाना गाठायचा."

हे मान खाली घालून म्हणाले, "मी आधी मशीनच शोधलं."

"पण नंतर माणसाकडे बघितलंत ना?"

एवढं लिहून संपवणार होते. पण अजून दोन शिरा खराब आहेत. पुढच्या सोमवारी बायपास. छाती उघडणार, ताई. सगळे म्हणतात, आजकाल काही विशेष नाही. मीही यांच्यासमोर तसंच म्हणते, हसते, नर्सची थट्टा करते. मी रडले की यांचा दाब चढतो.

मला रडायला कुणीतरी हवं आहे. गुडघ्यांना पट्टे बांध, पण ये.

तुझी,
फार घाबरलेली धाकटी